कार्डाला पॉवर

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मार्तंडरावांनी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली: ‘कार्डाला पॉवर द्यायची आहे. जाणकारांनी घरी यावे, चहा मिळेल.’ चहाचं कालिंदीबाईंना विचारलेलं नव्हतं, पण ती चूक किरकोळ. खरी चूक पहिल्या वाक्यात होती, आणि ती मार्तंडरावांसारख्या माणसाच्या हातून व्हावी याचं वसमतमध्ये पुढे बरेच दिवस नवल चाललं होतं.

कारण मार्तंडराव जन्मभर भूमी अभिलेखात भूकरमापक होते. त्या खात्यात कार्ड म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, जागा कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद. आणि पॉवर म्हणजे मुखत्यारपत्र, माझ्या वतीने यानेच सही करावी असं लिहून देणं. ‘अमक्याने पॉवर दिली’ हे वाक्य वसमतमध्ये ज्या खालच्या पट्टीत बोलतात, त्या पट्टीत इतर गावी लोक पळून जाऊन केलेल्या लग्नाची बातमी सांगतात. हे मार्तंडरावांना पुरेपूर ठाऊक होतं. पण निवृत्त झाल्यापासून ते शब्द आपल्या डोक्यातूनही निवृत्त झाले, अशी त्यांची समजूत होती.

त्यांना म्हणायचं होतं ते ग्राफिक्स कार्ड. वीतभर लांबीची, दोन पंख्यांची ती काळी वस्तू त्यांच्या नव्या कॉम्प्युटरात बसली होती आणि पंखे हलवायला तयार नव्हती. पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य उमटत होतं: या कार्डाला वीज जोडा, मग या. त्या वाक्याचा सूर मार्तंडरावांना ओळखीचा वाटला. नोकरीत त्यांनी स्वतः शेकडो लोकांना असंच परत पाठवलं होतं.

साठी उलटलेल्या माणसाला ग्राफिक्स कार्ड कशाला, हे विचारून कॉलनी दमली होती. कारण गावाकडचं होतं. शिरड शहापूरच्या फाट्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. तिथे देवळामागे एक खड्डा. आजोबांच्याही आधीपासून तो खड्डाच. बाभळी, कचरा, आणि ज्याचा चेंडू आत गेला त्याने मुकाट घरी जायचं. या उन्हाळ्यात तिथे सभामंडप बांधायचं ठरलं, जेसीबी आला, आणि एका बाजूचा गाळ निघाल्यावर घडीव दगडाच्या पायऱ्या दिसायला लागल्या. एक, दोन, तीन करत एकवीस. जेसीबीवाला खाली डोकावून म्हणाला, ही तर बारव आहे, पायऱ्यांची विहीर, आणि त्याने मशीन बंद केलं. गावात दोन मतं झाली. बुजवून मंडप उभारावा हे एक, आणि त्याचे पुढारी मार्तंडरावांचे थोरले भाऊ नागनाथअण्णा. सगळी उकरून काढावी हे दुसरं, आणि ते एकट्या मार्तंडरावांचं. सोमवारी अकराला ग्रामसभेत निकाल लागायचा होता.

अण्णांच्या बाजूने एक भक्कम पुरावा होता. गावठाणाच्या सरकारी नकाशात त्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘खड्डा’. खाली मोजणी करणाऱ्याची सही होती, आणि ती मार्तंडरावांची होती.

ती सही त्यांना मनापासून टोचत होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या काठावर ते साखळी घेऊन उभे असताना झुडपातून एक कोपरा डोकावला होता, घडीव दगडाचा, काटकोनात कापलेला. उतरून बघावं असं त्यांना फार वाटलं होतं. हा माणूस बंद घड्याळ दिसलं की उघडणारा, डॉक्टरकडे गेला तर आधी रक्तदाबाच्या यंत्राची चौकशी करणारा. पण त्या दिवशी तो उतरला नाही. का नाही उतरला, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कालिंदीबाईंनासुद्धा नाही.

आता भरपाई म्हणून त्यांनी मोबाइलवर त्या जागेचे नऊशे फोटो काढले होते, प्रत्येक पायरीचे, प्रत्येक बाजूने. हे फोटो जोडून कॉम्प्युटर अख्खी बारव उभी करून दाखवतो, तिच्याभोवती फिरता येतं, असं त्यांना कळलं होतं. ग्रामसभेला नुसते फोटो दाखवले तर लोक म्हणणार, चार दगड आहेत. अख्खा आकार दिसला तर गोष्ट वेगळी. पण जुन्या कॉम्प्युटराने अकरा फोटोंनंतर मान टाकली. नवा घ्यायचा तर ग्राफिक्स कार्डवाला, आणि कालिंदीबाईंची अट अशी की जागा मिळेल ती फडताळाच्या खालच्या कप्प्यात, जिथे पूर्वी पाटा-वरवंटा होता तेवढीच. मार्तंडरावांनी कप्पा मोजला, तीनदा मोजला, आणि त्या मापात बसेल अशी छोटी पेटी आणि सुटे भाग मागवले. एवढ्या लहान पेटीत एवढं सगळं मावतं कसं, हे बघायलाच त्यांना खरं म्हणजे कॉम्प्युटर हवा होता, असं कालिंदीबाईंचं मत आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

ग्रुपवरची ओळ वाचून पहिला आला प्रमोद. कॉलनीतला दस्तलेखक, तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा. हातात कोरा मुद्रांक कागद. मार्तंडराव फडताळात कमरेपर्यंत गेलेले, त्यामुळे बोलणं त्यांच्या पायांशी झालं.

“काका, पॉवर कुलमुखत्यार का खासमुखत्यार?”

“खास! फक्त कार्डापुरती,” फडताळातून आवाज आला.

“घरच्यांना माहीत आहे का?”

“कालिंदीला सांगितलंय. अण्णांना कशाला सांगू, ते माझ्या विरोधात आहेत.”

प्रमोदने कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि चहा न घेता निघून गेला. दस्तलेखक चहा सोडतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याने गावाकडे फोन लावला.

दुसरे आले जळबा. वीजखात्यातून निवृत्त झालेले वायरमन, शेजारच्याच घरातले. वसमतचा अर्धा भाग त्यांनी खांबावर चढून बघितलेला, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला वजन होतं. त्यांनी पेटीतला वीज पुरवणारा डबा बाहेर काढायला लावला आणि त्यावरचा आकडा वाचला.

“साडेसहाशे वॅट! मार्तंडराव, हे तर आमच्या घरातल्या मिक्सरपेक्षा जास्ती झालं. तुमच्या मीटरचा मंजूर भार किती आहे? आधी भार वाढवून घ्या. आन् अर्थिंग बघा, अर्थिंग न्हाई तर काहीच न्हाई.”

अर्थिंग चांगलं निघालं. भाराची शंका मात्र डोक्यात बसली. शुक्रवारी मार्तंडराव वीज कार्यालयात गेले. त्यांना शंकेपेक्षा कुतूहल जास्त होतं: घरात एक कार्ड बसवलं तर शहराच्या हिशोबात ते कुठे दिसतं? खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. ‘उपकरणाचे नाव’ या रकान्यात मार्तंडरावांनी आपल्या नकाशाच्या अक्षरात लिहिलं: ग्राफिक्स कार्ड.

“कार्डाची झेरॉक्स जोडा,” बाई म्हणाल्या.

“ते ओळखपत्र नाही हो. ते एक यंत्र आहे.”

“काका, कोणतंही कार्ड असो, झेरॉक्स लागते. दोन्ही बाजू. सही करून.”

सरकारी नियमाशी वाद घालणं मार्तंडरावांच्या रक्तात नव्हतं, ते त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं. ते घरी आले, कार्ड काढलं, कालिंदीबाईंच्या शालीत गुंडाळलं आणि झेरॉक्सच्या दुकानात काचेवर पालथं ठेवलं. समोरची बाजू सुरेख आली, दोन्ही पंखे चंद्रासारखे. मागची काळीकुट्ट आली. दोन्हींवर त्यांनी ‘खरी प्रत’ लिहून सही केली. दुकानातले चार जण उठून बघायला आले आणि मार्तंडरावांनी त्यांना कार्डाची सगळी रचना समजावून सांगितली, रांग थांबली तरी. अर्ज घेतला गेला. निकाल पंधरा दिवसांत, असं उत्तर मिळालं. ग्रामसभेला तीन दिवस राहिले होते.

शनिवारी सकाळी जळबा पुन्हा आले. हातात कानस होती.

प्रश्न आता वायरीवर आला होता. कार्डाच्या डोक्यावर आठ भोकांची एक जागा होती, आणि मार्तंडरावांकडे आठ पिनांच्या सारख्या दिसणाऱ्या दोन वायरी होत्या. एक त्यांनी मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी आठ भोकं मोजून लावली होती, ती पटकन बसली. दुसरी कार्डात जात नव्हती. दाबली, हलवली, नारळ फोडताना काढतात तशी देवाची आठवण काढली, तरी जात नव्हती.

“प्लॅस्टिक जाड झालंय,” जळबा म्हणाले. “दोन हात कानस मारतो, सरळ जाईल. आठ म्हणजे आठ, त्याच्यात काय वेगळं?”

कानस वायरीला टेकली आणि मार्तंडरावांचा हात आपोआप पुढे झाला. “थांबा जरा.”

त्यांनी नकाशे वाचायचं जुनं भिंग आणलं. वायरीचं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं, मग कार्डाचं. पुन्हा वायरीचं, पुन्हा कार्डाचं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जळबांनी कानस खाली ठेवली.

“जळबा, बघा. ही भोकं सगळी चौकोनी नाहीत. काही पूर्ण चौकोन, काहींचे कोपरे कापलेले. आणि वायरीत कापलेले कोपरे एका जागी आहेत, कार्डात दुसऱ्याच जागी. अहो, ही खूण आहे! नकाशात पूर्ण चौकोन आणि कापलेला चौकोन एक असतो का? मी नुसते आकडे मोजले. आकार बघितलाच नाही.”

“म्हणजे ही वायर दुसऱ्या कशाची?”

“प्रोसेसरची. ही जबरदस्तीने घातली असती तर?”

जळबांनी भिंग घेतलं, वायरींचे रंग आणि जागा ताडून पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. “उलटी बसली असती. कार्ड गेलं असतं मार्तंडराव, धूर निघाला असता. माझ्या हातानं.” त्यांनी कानस पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी बांधली.

मार्तंडराव पेटीसोबत आलेला कागद उघडून वाचू लागले, जो बाकीचे लोक आधी वाचतात. तिथे चित्र होतं: कार्डासाठी वेगळी वायर, सहा पिनांचा एक तुकडा आणि दोन पिनांचा एक, दोन्ही जोडून आठ. ते मोठ्याने वाचत असतानाच दारात नागनाथअण्णा उभे राहिले. फाट्यावरून मिळेल त्या गाडीने आलेले, कपाळावर गंध, काखेत काळी कापडी पिशवी.

“काहून रे मार्तंडा,” ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “मी काय मेलो का?”

“अण्णा! या, बसा.”

“बसत न्हाई. कार्डाला पॉवर देऊन राहिलास म्हणं.”

“हो ना. तीन दिवस झाले, नुसती खटपट चाललीय.”

“तोंडावर सांगून राहिलाय बघा! आन् मला इचारावं असं वाटलं न्हाई तुला?”

“तुम्हाला यातलं काय सांगणार, अण्णा?”

अण्णा पिशवीसकट खुर्चीत बसले. “किती जणांच्या सह्या घेतल्यास?”

“सह्या झेरॉक्सवर झाल्या. आता फक्त पिना. आठ लागतात.”

“आठ? आपण वारस तर सहा.”

“बराबर!” मार्तंडरावांना अण्णांच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. “सहा अधिक दोन! सहाचा एक तुकडा, दोनचा वेगळा तुकडा.”

“तुकडे पाडून राहिलास?” अण्णांचा आवाज चिरकला. “बापाच्या जागेचे तुकडे? आन् ते दोन कोण, ते तरी सांग! सहा आमी. ते दोन कुठून आणलेस?”

जळबा या घराचे शेजारी आणि भाऊबंदकीचे जाणकार, त्यांना पहिल्यांदा उलगडा झाला. ते हसू दाबायला अंगणात गेले. कालिंदीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, टेबलावरचा प्रमोदचा कागद बघितला, ग्रुपवरची ओळ बघितली, नवऱ्याकडे बघितलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “यांना विजेची पॉवर म्हणायचंय. या डब्यातल्या कार्डाला. तुमच्या जागेच्या कार्डाला कोणी हात लावलेला नाही.”

अण्णांनी पेटीकडे पाहिलं. पेटीतल्या कार्डाकडे पाहिलं. झेरॉक्सच्या दुकानातून परत आणलेली जादा प्रत पाहिली, दोन पंखे, खाली ‘खरी प्रत’ आणि सही. त्यांच्या मनातली भीती ओसरायला वेळ लागला, पण ओसरली. तिच्या जागी जुना राग मात्र परत येऊन बसला. “म्हणजे ते बारवेचं खूळच. तुझ्याच सहीनं खड्डा लिहिलंय, मार्तंडा. सोमवारी मी तोच कागद वाचणार.”

मार्तंडराव पेटीकडे वळले. ही गोष्ट त्यांना अपमानासारखी लागली होती. त्यांनी विषय बदलला. “कालिंदी, बाकीच्या वायरी कुठे आहेत? मी नको म्हणून बाजूला ठेवल्या होत्या त्या.”

“त्या काळ्या पिशवीत होत्या त्या का? मला वाटलं पिशवी रिकामी आहे.”

“मग?”

“मागच्या बुधवारी भाऊजी मोंढ्यावर हळद विकायला घेऊन आले होते. कागद ठेवायला नीट पिशवी नव्हती त्यांच्याकडे. मीच दिली.”

सगळ्यांनी अण्णांच्या काखेकडे बघितलं. अण्णांनी पिशवी मांडीवर घेऊन उघडली. आधी निघाली मोंढ्याची पावती. मग वडिलांच्या जागेचे कागद, पुराव्यासाठी आणलेले. मग गावठाणाच्या नकाशाची प्रत, जिच्यावर ‘खड्डा’ लिहिलं होतं. आणि तळातून हळदीने पिवळं झालेलं वायरीचं वेटोळं, टोकाला सहा आणि दोन.

“मला वाटलं कालिंदीनं पोथी बांधायची नाडी दिली,” अण्णा म्हणाले. “जाड आहे म्हणून बांधली न्हाई.”

मार्तंडरावांनी वायर धोतराच्या सोग्याने पुसली आणि लावली. कोपरे कोपऱ्यांत गेले, टक असा आवाज झाला. जळबांनी अंगणातून आत येऊन बटण दाबायचा मान घेतला. आतले पंखे एकदा चुकचुकले आणि फिरायला लागले. दुपारपर्यंत कॉम्प्युटर नऊशे फोटो चघळत बसला आणि मार्तंडराव त्याच्यासमोर. अण्णांची परतीची गाडी निघून गेली तरी त्यांनी उठायचं नाव काढलं नाही. जेवण झालं तसे ते खुर्ची हळूहळू पुढे ओढत आणत होते.

चार वाजता पडद्यावर बारव उभी राहिली. अर्धीच, गाळाने भरलेली, पण एका बाजूने एकवीस पायऱ्या उतरत गेलेल्या आणि भिंतीत समोरासमोर कोनाड्यांसारख्या दोन देवळ्या, एकसारख्या मापाच्या. मार्तंडरावांनी माऊस हलवला तशी ती वळली.

“पुन्हा फिरव,” अण्णा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “त्या देवळीत काय आहे?”

“माहीत नाही, अण्णा. तिथपर्यंत गाळ आहे.”

अण्णांनी पिशवी उचलली, कागद घातले, आणि निघाले. दारात थांबले, पण बोलले एवढंच: “सोमवारी बघू.”

रविवारी मार्तंडरावांनी प्रमोदने ठेवलेल्या मुद्रांक कागदावर स्वतःच्या अक्षरात एक निवेदन लिहिलं. सोमवारी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ते वसमतच्या स्टँडवरून लाल गाडीत बसले. पेटी लहान असल्याचा पहिला खरा फायदा त्यांना तेव्हा झाला. कंडक्टरने विचारलं, “मिक्सर आहे का?”

“नाही, बारव आहे,” ते म्हणाले. कंडक्टर पुढच्या सीटकडे गेला.

ग्रामसभेत टीव्हीवर बारव फिरली. म्हातारी माणसं उठून जवळ आली. कोणीतरी टीव्हीच्या मागे वाकून बघितलं. मग ग्रामसेवकाने विचारलं, “पण नकाशात खड्डा लिहिलंय, त्याचं काय?”

मार्तंडराव उभे राहिले. खिशातला मुद्रांक कागद उलगडला. त्यांनी निवेदन वाचलं: सदर जागी खड्डा असे मी लिहिले. घडीव दगड दिसत असूनही मी खाली उतरून पाहिले नाही. ही माझी चूक आहे, ती दुरुस्त व्हावी. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांना शेरे मारणाऱ्या माणसाला ही तीन वाक्यं वाचायला फार वेळ लागला.

“आर्धंच लिहिलंस,” मागून आवाज आला. नागनाथअण्णा उठले होते. काखेतली पिशवी त्यांनी उघडलीच नाही. “त्या दिवशी हा उतरून राहिला व्हता. मीच याचा हात धरला. म्हणलं, वरण थंड होऊन राहिलंय, खड्डा लिही आन् जेवायला चल. मोठा भाऊ म्हणून यानं ऐकलं. आन् इतकी वर्षं झाली, कोणाला सांगितलं न्हाई. आण तो कागद. माझी पण सही घे.”

त्यांनी सही केली, मोठ्या अक्षरात, मार्तंडरावांच्या सहीला खेटून. मार्तंडरावांना चष्मा काढून पुसावा लागला. मंडप देवळाच्या दुसऱ्या बाजूला करायचा आणि गाळ काढायचा, असा ठराव झाला.

सभा सुटल्यावर दोघे भाऊ काठावर आले. मार्तंडराव उतरायला लागले, अण्णा त्यांच्या खांद्याला धरून मागोमाग. एक, दोन, तीन करत ते एकविसाव्या पायरीपर्यंत गेले. पुढे गाळ होता. वरून, देवळाच्या बाजूने, घरातल्या कोणीतरी हाक मारली, “अण्णा, जेवायला चला! वरण थंड होऊन राहिलंय!”

“होऊ दे थंड,” अण्णा म्हणाले, आणि बाविसाव्या पायरीवरचा गाळ पायाने बाजूला सारू लागले.